नफा की पिळवणूक? जव्हार-मोखाड्याच्या व्यापाराचा जुना हिशेब

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक संमेलनात दुपारच्या परिसंवादाच्या वेळी एका तरुण ज्ञातिबांधवाने उभे राहून एक प्रश्न विचारला होता. धंद्यात आपणांस जो नफा मिळतो तो मजुराच्या श्रमातूनच कापून घेतलेला नसतो, असे आपल्यापैकी किती जण छातीवर हात ठेवून सांगू शकतील, असा तो प्रश्न होता. सभागृहात क्षणभर शांतता पसरली, मागील बाजूस थोडी कुजबुज झाली, आणि अध्यक्षमहाशयांनी भोजनाची वेळ झाल्याचे जाहीर केले. भोजन उत्तम झाले. प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. पुष्कळ वडीलधाऱ्यांस तो उद्धटपणाचा वाटला हे आम्हांस ठाऊक आहे. आम्हांस तो तसा वाटला नाही. ज्या ज्ञातीच्या चार पिढ्या तराजूपाशी बसून मोठ्या झाल्या, तिच्या मुलांनी तराजूविषयी विचारले तर त्यात वावगे ते काय? यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा यत्न करावा असे आम्ही ठरविले.

या विषयावर युरोपातील पंडितांचे ग्रंथ पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी एकाचा उल्लेख पुढे येईलच. परंतु त्यासाठी मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत जाण्याचे आपणांस कारण नाही. आपल्यातील बऱ्याच घराण्यांची पहिली दुकाने ज्या डोंगराळ मुलखात उघडली, त्या जव्हार-मोखाड्यातच या प्रश्नाचा निकाल लावण्यास लागणारा सर्व पुरावा आहे. हे दोन्ही तालुके आज पालघर जिल्ह्यात मोडतात. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी जुन्या ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. पूर्वी त्यांचे धनी निराळे होते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल. मोखाडा हा इंग्रजी अमलातील शहापूर तालुक्याचा पेटा. राज्य कोणाचेही असो, डोंगरातील वस्ती एकाच प्रकारची होती: वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी. उतारावर नागली आणि वरी, खाचरात थोडे भात, थोडा उडीद, थोडी खुरासणी, एवढीच त्यांची शेती. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पण नागलीचे पीक काही त्यामुळे वाढले नाही.

जव्हारच्या स्थापनेविषयी एक दंतकथा आहे आणि ती ठाण्याच्या जुन्या गॅझेटियरातही नमूद आहे. संस्थानाच्या मूळ पुरुषाने दुसऱ्या एका सरदाराकडे बैलाच्या कातड्याने व्यापेल एवढीच जमीन मागितली. ती मिळताच त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकीस एक जोडल्या आणि त्यांनी वेढलेला सर्व मुलूख आपला म्हणून घेतला. कार्थेजच्या डिडो राणीविषयी हीच कथा सांगतात, तेव्हा ती खरी मानण्याचे कारण नाही. तथापि या मुलखाच्या पुढील व्यवहाराशी तिचे नाते आहे असे आम्हांस नेहमी वाटत आले. सौद्यात शब्द एकाचा असतो आणि माप दुसऱ्याच्या हाती असते, ही गोष्ट येथील लोकांना फार पूर्वीपासून माहीत असावी.

आता प्रथम आपल्या बाजूने जे बोलावयाचे ते बोलू. ते थोडे नाही. समुद्रकिनाऱ्यालगतची रेल्वे १८६४ पर्यंत मुंबईस जोडली गेली आणि थळ घाटातून जाणारी दुसरी १८६५ मध्ये इगतपुरीस पोहोचली. परंतु या दोन्ही रुळांच्या मधला हा डोंगर तसाच राहिला. मीठ, लोखंड, कापड, तेल, गूळ, सुकी मासळी, लग्नातील बांगड्या, यांपैकी काहीही डोंगरात होत नसे. स्टेशनापासून बैलगाडीने आणि जेथे गाडीवाट संपे तेथून डोक्यावर वा बैलाच्या पाठीवर हा माल न्यावा लागे. पावसाळ्याचे चार महिने वाटा बंद. हिवतापाने माणसे मरत. अशा जागी ज्याने चार पत्रे ठोकून दुकान मांडले, त्याने भांडवल अडकविले, देह झिजविला आणि धोका पत्करला. मिठाच्या शेरामागे त्याने जे चार पैसे जास्त घेतले त्यांस लूट म्हणणे हा अन्याय होईल. त्याच्या अभावी मीठ स्वस्त झाले नसते. ते मिळालेच नसते. व्यापाऱ्याच्या नफ्यात भांडवलाचे व्याज असते, जोखमीचा मोबदला असतो, आणि व्यवस्था पाहणाऱ्याची मजुरीही असते. हा हिशेब ज्यांनी कधी दुकानाची फळी उघडली नाही त्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

परंतु येथे थांबून चालणार नाही, कारण डोंगरातील व्यापाऱ्याचा सगळा नफा काही मिठावर मिळत नव्हता.

माघ-फाल्गुनापर्यंत कणगीत धान्य असे. चैत्र-वैशाखात मोह आणि रानातील फळे यांवर काही दिवस निघत. ज्येष्ठ लागला की घरात काही उरत नसे, आणि नेमके तेव्हाच शेतात सर्वांत कष्टाचे काम येई. मग कडूकंद चिरून, उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा घालवावयाचा आणि तो खावयाचा. आणि तेही संपले की दुकानाची पायरी चढावयाची. दुकानदार जे धान्य उसने देई त्यास खावटी म्हणत. पीक आल्यावर ते दिढीने, म्हणजे एका मणास दीड मण, आणि कोठे कोठे दुपटीने परत करावयाचे. मुदत चार-पाच महिन्यांची. वर्षाचे व्याज काय पडते ते ज्ञातीतील मुलांस सांगण्याची गरज नाही. दुसरा प्रकार पालेमोडीचा: पीक वा गवत उभे असतानाच गरजेपोटी त्याचा भाव ठरवून पैसे उचलावयाचे आणि तयार झालेला माल त्याच भावाने सावकाराच्या अंगणात नेऊन टाकावयाचा. फिटले नाही तर बाकी पुढल्या साली, मग बापाची बाकी मुलाच्या नावावर. डहाणू-उंबरगावच्या बाजूस तर लग्नासाठी काही रुपये घेतलेला तरुण आयुष्यभर जमीनदाराचा बांधील होई. त्यास लग्नगडी असे नाव होते. बायको करून आणली की तीही त्याच कामाला.

आमच्या आजोबांचे दुकान मोखाडा पेट्यात होते. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. दारी आलेल्यास त्यांनी उपाशी परत पाठविल्याचे कोणी सांगत नाही. त्यांच्या दुकानात सागाच्या लाकडाच्या दोन पायल्या होत्या. लहानपणी आम्ही त्यांत वाळू भरून खेळत असू आणि एकीतील वाळू दुसरीत ओतली की ती थोडी बाहेर सांडते, याची आम्हांस मोठी गंमत वाटे. एक पायली धान्य देण्याची आणि दुसरी घेण्याची, हे आम्हांस पुष्कळ मोठेपणी कळले. प्रमाणित मापांचा कायदा मुंबई इलाख्यात १९३२ सालीच झाला होता. पण कायदा ठाण्याहून मोखाड्यास पोहोचण्यास वेळ लागे. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली आणि त्यानंतर दोन्ही पायल्या माळ्यावर गेल्या.

आता त्या पंडितांकडे वळू. जर्मन विचारवंत कार्ल मार्क्स याने १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’ या ग्रंथात असे प्रतिपादिले की, मजूर दिवसाचा काही भाग आपल्या पोटापुरते उत्पन्न करण्यात घालवितो आणि उरलेला भाग मालकासाठी राबतो. हा उरलेला भाग म्हणजेच नफ्याचे मूळ. या मताने पाहिले तर प्रत्येक नफा हा पिळवणूकच ठरतो, मालक सज्जन असो वा दुर्जन. उलट दुसरा पक्ष म्हणतो की मजुराने मजुरी मान्य केली, मालकाने ती दिली, करार पुरा झाला. यात पिळवणुकीचा प्रश्नच कोठे येतो? आमच्या अल्पमतीप्रमाणे या दोन्ही मतांत एक मोठा दोष आहे. ज्याने हिवताप सोसून मीठ नेले आणि ज्याने दोन पायल्या ठेवल्या, त्या दोघांत पहिल्या मताला भेद दिसत नाही. आणि दुसऱ्या मतालाही तो दिसत नाही. एकास दोघेही चोर, दुसऱ्यास दोघेही साव. वस्तुतः ही दोन्ही कामे एकच मनुष्य एकाच दिवशी एकाच गादीवर बसून करीत असे, आणि नफा एकाच वहीत जमा होत असे. तेव्हा प्रश्न नफा असावा की नसावा असा नसून, त्यातील कोणता भाग कशातून आला असा आहे. तो कसा ओळखावा? समोरच्यास नाही म्हणता येत होते काय, आणि हिशेब त्यास कळत होता काय, हे दोन प्रश्न विचारून पाहावे. आषाढातील उपाशी घराला नाही म्हणता येत नव्हते, आणि मोडी अक्षरातील वही दुकानदाराशिवाय कोणास वाचता येत नव्हती.

हिशेबाच्या वहीवर राग किती असतो याची चुणूक महाराष्ट्राने एकदा पाहिली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी तेच झाले. माणसांस फारसा हात न लावता त्यांनी कागद मागितले आणि ते जाळले. परिणामी १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. आपल्या डोंगरातील वारली मात्र सत्तर वर्षे गप्प राहिला. त्यास जाळण्यापुरतीही वहीची ओळख नव्हती.

दुकानाहून मोठा धंदा जंगलाचा. रेल्वेला सलाट हवे होते, मुंबईस इमारती लाकूड आणि कोळसा हवा होता. १८७८ च्या कायद्याने जंगले सरकारी झाली, तेव्हा ज्या रानात आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राब तोडीत आला त्याच रानात तो चोर ठरला आणि दुसऱ्या दिवशी त्याच रानात कंत्राटदाराचा मजूर म्हणून कामास लागला. संस्थानी मुलखातही उत्पन्नाचा मोठा वाटा जंगलाचाच होता. कूप लिलावात निघे. व्यापारी बोली बोलून तो घेई. पावसाळा संपताना मुकादम पाड्यापाड्यांतून हिंडून घरटी उचल वाटे, आणि कुटुंबेच्या कुटुंबे तोडीवर अथवा कोळशाच्या भट्ट्यांवर जात. कातकरी तर या भट्ट्यांवरच जन्मे आणि भट्ट्यांवरच मरे. लिलावात जो जास्त बोली बोलला त्याने ती रक्कम कोठून तरी भरून काढणे प्राप्तच होते. लाकडाचा भाव मुंबईचा बाजार ठरवी, कुपाची किंमत लिलाव ठरवी. ओढून कमी करता येईल असा आकडा एकच उरे, तो मजुरीचा. कंत्राटदार क्रूर असण्याची आवश्यकता नव्हती. धंद्याची रचनाच अशी होती की दयाळू कंत्राटदार पुढल्या लिलावात मागे पडावा. ही गोष्ट आपले टीकाकार क्वचितच लक्षात घेतात आणि आपणही तिच्या आड फार सोयीस्करपणे लपतो.

१९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. खेरांना ठाणे जिल्ह्यातील आदिवासींविषयी मनापासून आस्था होती. पुढे आदिवासी सेवा मंडळाच्या कामात त्यांनी स्वतः लक्ष घातले. त्यांच्या सरकारने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यास डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यास सांगितले. वेठ कशी घेतली जाते, खावटीचे देणे कसे फिटत नाही, जमीनदार, सावकार आणि दारूचा गुत्तेदार मिळून या माणसास कसे जखडतात, हे त्या इंग्रज गृहस्थाने सरकारी भाषेत पण स्पष्टपणे लिहून ठेवले. आपल्या ज्ञातीचे नाव त्यात नाही म्हणून कोणी सुटकेचा श्वास टाकू नये. धंद्याचे नाव आहे.

अहवाल झाला, महायुद्ध आले, मंत्रिमंडळ गेले. जे सरकारी कागदाने झाले नाही ते १९४५ मध्ये वारल्यांनी स्वतः केले. शामराव व गोदावरी परुळेकर हे दांपत्य किसान सभेचे काम करीत होते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले, आणि २३ मे रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद झाली. तेथे ठरले की वेठ करावयाची नाही, लग्नगडी म्हणून राहावयाचे नाही, आणि जमीनदाराच्या शेतात रोज बारा आणे रोख मिळाल्यावाचून पाऊल टाकावयाचे नाही. त्यानंतर काही आठवड्यांत लग्नगडी मोकळे होऊ लागले. गोदावरीबाईंनी ही सर्व हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आहे; ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या पक्षाशी ज्यांचे पटत नाही अशा वाचकांनीही ते वाचावे, कारण त्यात आपल्या आजोबांचे जग पायरीच्या खालून कसे दिसत होते ते कळते.

पावसाळा संपला आणि गवताचा हंगाम आला. या पट्ट्यातील गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे. व्यापार मोठा होता. वारल्यांनी मागणी केली की पाचशे पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो, गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत. व्यापारी हसले. मग विळे खाली ठेवले गेले. ऑक्टोबरच्या १०-११ तारखांस तलवाडे येथे हजारो वारली जमले असता पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. तरीही विळे हलले नाहीत. गवत रानात वाळू लागले, तेव्हा एकेक मालक दर मान्य करू लागला. पुढल्या वर्षी, १९४६ मध्ये, हीच मागणी जंगलातील कामापर्यंत गेली: तोडणीस रोजचा किमान सव्वा रुपया. त्या वर्षाच्या अखेरीस लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने किसान सभेशी बोलणे करून हा दर स्वीकारला. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन माणसे मेली. चळवळीचा मुख्य जोर डहाणू, उंबरगाव, पालघर या बाजूस होता खरा. पण मजुरीच्या दराला तालुक्याची सीमा नसते, आणि जव्हार-मोखाड्याच्या मुकादमांनाही पाड्यांवर पूर्वीच्या आवाजात बोलता येईना.

आमचे चुलत आजोबा तेव्हा डहाणूच्या बाजूस गवताचा व्यापार करीत. ते अखेरपर्यंत या गोष्टीची आठवण निघाली की संतापत. अडीच रुपये दिले तर धंदा बुडेल असे त्यांनी त्या वर्षी प्रत्येकास सांगितले होते. शेवटी त्यांनी अडीच रुपये दिले. धंदा बुडाला नाही. पुढे कित्येक वर्षे ते तोच धंदा करीत राहिले. त्यावर घर बांधले, मुलींची लग्ने केली. नफा कमी झाला, एवढेच.

आमच्या मते या सबंध प्रश्नाची किल्ली येथे आहे. मजुरी वाढली, आणि तरीही गवत मुंबईस गेले, कूप लिलावात निघतच राहिले, कंत्राटदार पुढे कित्येक वर्षे जंगलात होते. म्हणजे वाढलेल्या मजुरीनंतरही जो नफा शिल्लक राहिला तो भांडवलाचा, जोखमीचा आणि व्यवस्थेचा मोबदला होता असे मानता येईल. परंतु १९४५ पूर्वी त्याखेरीज जे मिळत होते, जे गेल्यानेही कोणाचा धंदा मोडला नाही, ते कशाचे होते? ते जोखमीचे नव्हते, कारण जोखीम कमी झाली नव्हती. ते कौशल्याचेही नव्हते. वारल्याला नाही म्हणता येत नव्हते, याचीच ती किंमत होती. ज्या दिवशी त्यास नाही म्हणता आले त्या दिवशी ती बंद झाली. मुंबईच्या गिरण्यांतही हेच घडले होते: नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारून आठवड्यास एक सुट्टी मागितली, ती १० जून १८९० रोजी मिळाली, आणि त्यानंतर मुंबईत गिरण्या वाढतच गेल्या.

मात्र आमच्या तरुण बांधवाने येथे टाळ्या वाजवू नयेत. कथा एवढ्यावर संपत नाही.

खेरांनी पुन्हा सत्तेवर आल्यावर १९४७ मध्ये जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्यांची योजना काढली. कंत्राटदार मधून काढावा, कूप मजुरांच्याच सोसायटीस द्यावा, नफा त्यांच्यातच वाटावा, ही कल्पना उत्तम होती आणि बऱ्याच ठिकाणी तिने हातास काम दिले. पण कित्येक ठिकाणी नाव सोसायटीचे आणि दोऱ्या जुन्याच कंत्राटदाराच्या हाती, असेही घडले. पुढे १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद झाली. पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने त्यासाठी झगडा केला. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने रद्द झाली. त्याच सुमारास आदिवासींचे धान्य खरेदी करण्याची मक्तेदारी सरकारने आदिवासी विकास महामंडळाकडे दिली, आणि १९७८ पासून सरकारी खावटी कर्ज सुरू झाले. पालेमोड मोडावी हा उद्देश स्पष्ट होता. व्यापाऱ्याचा नफा कागदावर तरी व्यवहारातून काढून टाकला गेला.

आणि १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली. एक नव्हे, दोन नव्हे. सबंध देशाचे लक्ष त्या पाड्यांकडे वळले, मंत्र्यांच्या गाड्या धावल्या, वर्तमानपत्रांची पाने भरली. मराठीत वावर म्हणजे शेत. शेताचे नाव असलेल्या गावात मुले अन्नावाचून मेली. तेथे त्या वेळी कोणा सावकाराच्या दोन पायल्या नव्हत्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु दुकानदारावर सर्व दोष ठेवून मोकळे होण्याची सोय तेव्हा उरली नव्हती. वैद्यकीय मदत वेळेवर पोहोचत नव्हती, रोजगार हमीची मजुरी हातात पडण्यास आठवडे लागत, आणि रिकाम्या आठवड्यांत घर पुन्हा जुन्याच पायरीकडे वळे. नफा न घेणारे सरकारही उशीर करून मनुष्यास उपाशी ठेवू शकते, आणि मग त्या उशिरातून खाजगी सावकाराचा धंदा नव्याने जन्मतो. नफा नाहीसा केला म्हणजे पिळवणूक नाहीशी झाली, असे ज्यांना वाटते त्यांनी वावरचा रस्ता एकदा चढून यावे.

आता आपल्या आजच्या घरांकडे. दुकाने राहिली, पण ज्ञातीतील पुष्कळांनी डोंगर सोडला. वाड्यास, बोईसरास, भिवंडीस कारखाने, गोदामे आणि वीटभट्ट्या आहेत. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याचे पाडे ओस पडू लागतात. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. भट्टीवर आठवड्यास खर्ची मिळते. हजार विटांचा दर ठरलेला असतो. आणि हिशेब पाऊस जवळ आल्यावर, हंगाम संपताना. वाचकहो, आमच्या आजोबांच्या वहीतील खावटी आणि ही उचल यांत नावाखेरीज काय वेगळे आहे, हे आपणच पाहावे. घेणाऱ्याच्या घरात तेव्हाही आषाढच असतो.

१९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. न्यायमूर्ती भगवती यांनी त्यात असे म्हटले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर मनुष्य काम करतो तेव्हा ते स्वखुशीचे नसते; भूक आणि दारिद्र्य यांची सक्ती ही सक्तीच होय, आणि असे काम म्हणजे राज्यघटनेने निषिद्ध ठरविलेली वेठच होय. करार झाला होता, मजुराने अंगठा दिला होता, हे उत्तर त्या दिवसापासून कायद्यातही चालेनासे झाले. आपल्यापैकी जे भट्टीमालक ‘आम्ही कोणास धरून आणत नाही’ असे म्हणतात, त्यांच्याशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही; त्यांनी तो निकाल वाचावा एवढेच सुचवितो. ज्यांचे दर कायद्याहून वर आहेत, ज्यांच्या भट्टीवर मुलांची शाळा भरते, असेही बांधव आमच्या पाहण्यात आहेत आणि त्यांच्या नफ्याकडे बोट दाखविण्याचे कोणास कारण नाही.

ज्या तरुणाने प्रश्न विचारला तो गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी आला होता. त्याच्या वडिलांची वीटभट्टी आहे. आम्ही माळ्यावरून दोन्ही पायल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने घरातील तांदूळ एकीत भरले आणि दुसरीत ओतले. ओंजळभर बाहेर सांडले. आजोबांना हे ठाऊक होते काय, असे त्याने विचारले. आम्ही होय म्हणालो. तो काही बोलला नाही.

नंतर समजले की त्याने वडिलांशी बरीच वादावादी करून भट्टीवरील प्रत्येक कुटुंबास एक छोटी वही दिली आणि दर रविवारी खर्ची व विटांचा आकडा सर्वांसमक्ष मोठ्याने वाचण्याचा प्रघात घातला. पहिल्याच महिन्यात मोखाड्याकडील एका बाईने उभे राहून सांगितले की तिच्या घराच्या विटा कमी मांडल्या आहेत. मुकादम चिडला. पुन्हा मोजणी झाली. बाईचे म्हणणे बरोबर निघाले, आणि मागील तीन आठवड्यांचे आकडेही तपासावे लागले.